हवेचा एक घोट

फेब्रुवारीत क्लाक्सविकला वारा ठरवतो
कुणाच्या घरात किती वेळ उजेड राहायचा.
वीज गेली की आधी पंप थांबतो, मग दिवा विझतो
असं मला वाटायचं. खरं तर दोन्ही एकदमच,
पण अंधारात कान डोळ्यांच्या आधी जागा होतो.

मग, दोन श्वासांनंतर,
टाकीखालच्या कपाटातून
खट्.

एकमार्गी झडप. प्लास्टिकची, मुठीएवढी,
हानुसने डेन्मार्कहून मागवलेली.
वरच्या टाकीतलं खारं पाणी मागे फिरतं,
आल्या वाटेनं खाली यायला निघतं,
झडप त्याच्या तोंडावर दार आपटते.
पाइप भिंतीवर थडकतो
आणि माझा नवरा अंथरुणात ताठ उठून बसतो,
पाय खाली, हात बुटांच्या शोधात.
एकतीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनखोलीत गेली.
तिथे असा आवाज आला तर कशाचा ते विचारत नाहीत,
धावतात.

"घर आहे हे," मी म्हणते.
"माहीत आहे," तो म्हणतो, आणि बसून राहतो.

त्या हिवाळ्यात नऊ वेळा वीज गेली.

झडप काढूया म्हटलं तर त्याने बोटांवर हिशेब केला.
"पाण्याला एकदा ओढ लागली की ते थांबत नाही, सोलरुन.
नळीचं तोंड बुडालेलं आहे तोवर येतच राहील.
खालचा हौद भरेल, फरशीत मुरेल,
आणि खाली बेइनिरची पुस्तकं आहेत."

मी लोकरीच्या दुकानात काम करते.
एक टोक ओढलं की ओळीमागून ओळ कशी उसवते
हे मला कुणी सांगायला नको.
उसवण थांबवायला कुणी दार लावत नाही.
धागा तोडतात.

तो कान तपासायला तोर्शाव्हनला गेला त्या दिवशी
बेइनिरकडूनच ड्रिल आणलं.
पाच मिलीमीटर.
पहिलं भोक पाण्याच्या वर पडलं:
दिवसभर फुसफुस, बारीक पिचकारी,
भिंतीच्या कागदावर मिठाची पांढरी मिशी.
त्यावर रबर आणि चिकटपट्टी.
दुसरं भोक पृष्ठभागाखाली बोटभर, तोंड खाली.
आता पंप चालू असताना तिथून पाणी पाण्यातच सुटतं,
त्याचा कुणाला पत्ता नाही.
आणि खालच्या हौदावर नेलपॉलिशची लाल रेघ:
इथवरच भरायचं. वर अकरा लिटरची जागा रिकामी,
येणाऱ्यासाठी.

झडप मी काढून मोज्यांच्या खणात ठेवली.

संध्याकाळी त्याला काही न सांगता प्लग ओढला.
पाणी खाली यायला लागलं. तो उठलाच, पाइपला हात लावून उभा.
वर पातळी उतरली, एक बोट, जरा जास्त,
भोक उघडं पडलं
आणि नळीने हवेचा एक घोट घेतला.
गुट्.
बस.
ओढ तुटली. हौदातलं पाणी रेघेशी येऊन टेकलं,
थोडं वरच, खरं तर; मी लिटरभर चुकले होते.

तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "गोगलगाय बसेल भोकात."
"दर रविवारी दातांच्या ब्रशने," मी म्हटलं.
"कुणाच्या?"
"तुझ्या."

मार्चच्या चौदाला पहाटे तीनला वीज गेली.
पंप थांबला. मी डोळे उघडे ठेवून मोजू लागले,
एक श्वास, दोन,
खट् येईना.
हानुस कुशीवर झोपलेला, तोंड उघडं,
आणि मीच आता उठून बसलेली,
एक पाय सपातीत,
न आलेल्या आवाजाकडे कान लावून.

टॉर्च घेऊन गेले. मँडरीन मासा दगडापाशी
अंधारात तसाच तरंगत होता,
जणू त्याच्यावरून काहीच कमी झालं नव्हतं.
भोक तपासलं. उघडं होतं.
रविवार नव्हता, तरी ब्रश फिरवला.